अतिथी संशोधकाच्या गैरहजेरीबाबत

प्रिय भिंगरी,

रोज संध्याकाळी फोनवर बोलणारा बाप तुझ्या विभागाच्या पत्त्यावर पानंच्या पानं लिहून का पाठवतोय, म्हणून तू आधी पाकीट उलटसुलट करून पाहशील. घाबरू नकोस असं लिहिणार होतो, पण तसं लिहिलं की माणूस हमखास घाबरतो. तेव्हा एवढंच मागतो, की शेवटपर्यंत वाच आणि मधेच फोन लावू नकोस. फोन हल्ली तुझ्या आईच्या उशाशी असतो, आणि वाजला की माझ्याआधी ती उचलते.

तुझ्या विद्यापीठाचे अतिथी संशोधकांच्या नोंदणीचे आणि शुल्काचे नियम मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचले आहेत. हसू नकोस. उभा जन्म बस-डेपोत ड्युट्या लावण्यात गेला. रजा कुणाला, बदली कोण, अर्ज किती आधी द्यायचा, यावरच आपलं घर चाललं. नियम दिसला की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. त्या संकेतस्थळावर ते सापडायलाच एक अख्खी दुपार गेली. मग कोपऱ्यावरच्या छपाईवाल्याकडून मोठ्या अक्षरांत छापून घेतले. तू गोगलगायींवर काम करतेस, पण तुझ्या गोगलगायीसुद्धा त्या संकेतस्थळाहून लवकर पोचतील.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. नाव 'अतिथी' आणि दारातच नोंदणी शुल्क. आत गेलं की प्रयोगशाळेतल्या टेबलाचं शुल्क, मग ग्रंथालयाची अनामत, ओळखपत्राचं वेगळं, आणि ते हरवलं तर आणखी वेगळं. आपण असा पाहुणचार केला असता तर तुझ्या मामानं पुन्हा आपल्या घरात पाऊल टाकलं नसतं. तुझी आई म्हणाली, मामापुरतं हे धोरण आणायला मी कधीचीच तयार आहे. यजमान प्राध्यापकानं शिफारस केली तर निम्मं शुल्क माफ होतं हेही वाचलं, आणि तुझ्या बाईंनी ती आपणहून केली हे तूच मागे बोलून गेली होतीस. बाई चांगल्या असणार असं आम्ही दोघांनी तेव्हाच ठरवून टाकलं. माझी आता त्यांच्यावर बरीच भिस्त आहे.

हे नियम मी रोज सकाळी आईला मोठ्यानं वाचून दाखवतो. आधी वर्तमानपत्र वाचायचो, पण त्यात कोणी ना कोणी गेल्याची बातमी असतेच, आणि ती आली की आई मान फिरवायची. तुझे नियम तिला आवडतात. जन्मभर गणित शिकवलेली बाई. कलम, पोटकलम, अपवाद असं काही कानावर पडलं की डोळे मिटून ऐकते, आणि मधेच मला थांबवून म्हणते, हे मागच्या कलमाशी जुळत नाही. जुळत नसतंच. मग त्यावर वाद घालत आमचा चहा होतो. मी गमतीनं म्हटलं, लेकीऐवजी तूच जायला हवं होतंस नोंदणीला. तर म्हणते, मला कोण शिफारस देणार. हसली, आणि हसताना तिनं पोट हातानं दाबून धरलं.

तो हात तुला फोनवर दिसत नाही. तुला तो दिसू नये याची ती काळजी घेते. फोनचा कॅमेरा बिघडलाय असं तुला सांगितलंय ना, तो बिघडलेला नाही. तू गेल्यावर थोड्याच दिवसांत तिचं पोट दुखू लागलं. आम्हाला पित्त वाटलं, मग खडा असेल असं वाटलं. तपासण्या झाल्या आणि खडा निघाला नाही. जे निघालं त्याचं नाव डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिनं ते पाठ करायचं असल्यासारखं सावकाश म्हणून पाहिलं, आणि मला म्हणाली, चला, रिक्षा मिळते का बघा. तेव्हापासून औषध सलाइनमधून जातं. केस गेले. जिन्यावर मधल्या वळणाला मी एक खुर्ची ठेवली आहे, तिथे ती बसते आणि शेजारच्या वहिनी दिसल्या की त्यांचीच वाट बघत होते असं दाखवते. हे पत्रही मी रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहितोय. ती आत पडद्यामागे आहे, आणि परिचारिका बाहेर आली की मी कागद शर्टात सारतो.

तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. फोन हातात घेतलाही होता. पण नेमका त्याच सकाळी मी आपला शहाणपणा दाखवत गैरहजेरीचं कलम वाचलं होतं: न कळवता जास्त दिवस गैरहजर राहिलं तर नोंदणी रद्द, भरलेलं शुल्क बुडालं, आणि परत यायचं तर पुढच्या वर्षी पहिल्यापासून अर्ज. पान तिथे संपलं म्हणून मी थांबलो आणि बाकीचं दुसऱ्या दिवशी वाचू म्हटलं. आई ताडकन उठून बसली. पोरीला काही सांगायचं नाही, म्हणाली, तिनं या जागेसाठी केवढा जीव टाकलाय. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या. मी घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशीच्या पानावर अपवाद होते, आजारपणाचे, घरच्या अडचणींचे, ते मी घसा खाकरून खाकरून वाचले. तिनं डोळे मिटून ऐकले आणि पुढचं कलम वाचा म्हणाली.

मागच्या वेळी तिचं सलाइन चालू असताना डॉक्टरांनी मला बिलाची सही हवी म्हणून बाहेर बोलावलं. बिल नव्हतंच. तरुण माणूस आहे, मान खाली घालून बोलत होता. औषध आता लागू पडत नाही, म्हणाला, थोडा वेळ चालू ठेवू, त्रास होऊ देणार नाही, पण ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या. मी त्याला विचारलं, तिला सांगितलंत का. तो म्हणाला, त्यांनी विचारलं तर सांगेन. तुझ्या आईनं विचारलेलं नाही. परत आत गेलो तर तिनं विचारलं, किती झालं बिल? मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला. जास्तच आहे, म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. तुला माहीतच आहे, परीक्षेच्या पहाऱ्याला उभी राहिली की मागच्या बाकावरची कॉपी तिला मुलाच्या कानावरून कळायची. तेव्हापासून माझे कान गरम होतात.

त्या दिवसापासून मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातोय. घरी आल्यावर एकदा मी फारच गळ घातली. म्हटलं, पोरीला चार दिवस येऊन जाऊ दे, नियमात बसतं, मी बसवून दाखवतो. मला वाटत होतं ती तुझ्या नोंदणीला भिते. तर खिडकीकडे बघत म्हणाली, "तिची नोंदणी राहू द्या हो. ती अशी अचानक दारात उभी राहिली ना, की मला कळेल माझं काय व्हायचंय ते. मग उद्या उठून औषध घ्यायचं बळ कुठून आणू?" मी उठून चहाच्या कपबश्या विसळल्या, त्या आधीच विसळलेल्या होत्या.

म्हणजे बघ, माझी गत कशी झाली ते. तुला बोलवावं तर तिचं बळ जाणार, न बोलवावं तर... पुढचं मला लिहिता येत नाही. तू मला कधी माफ केलं नसतंस, आणि मीही मला केलं नसतं.

म्हणून मी आपल्या गावातल्या विद्यापीठात जाऊन आलो. आईला सांगितलं दाढीची पाती आणायला जातो. तिथेही अतिथी संशोधकांच्या नोंदणीची एक खिडकी आहे, जिन्याखाली, वर पंखा आणि खाली कुत्रं झोपलेलं. म्हटलं, शेवटी सगळीकडची कचेरी एकच. खिडकीतल्या बाईंनी माझे पिकलेले केस पाहिले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, आजोबा, विषय कोणता? मी म्हटलं, मुलगी. मग उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. भिंगरी, हे मी आजवर कोणाला बोललो नव्हतो, आणि बोललो ते एका अनोळखी बाईपाशी, मागे रांग उभी असताना. त्यांनी रांगेला थांबायला सांगितलं. म्हणाल्या, आमच्याकडे दरवर्षी असं कुणीतरी घरून फोन आला म्हणून तसंच धावत सुटतं, आणि परत येतं तेव्हा नोंदणी गेलेली असते. निघायच्या आधी यजमान प्राध्यापकाच्या सहीनं अर्ज आला, तर नोंदणी नुसती थांबवून ठेवता येते आणि भरलेलं शुल्क पुढे धरतात. तुमच्या मुलीच्या विद्यापीठाचं तिलाच विचारायला सांगा, पण आधी अर्ज आणि मग बॅग. मी घरी येऊन तुझे नियम पुन्हा काढले. तिथेही तसंच आहे, अपवादांच्या पानावर, मीच घसा खाकरून वाचलेलं.

तुझी जागा राहील, एवढं त्यानं मिटलं. राहिला आईचा प्रश्न. तिच्यासाठी मला असं कारण हवं होतं की ज्यात तिचा काही संबंधच नाही, आणि जे तिच्या तपासणीतून पार पडेल. नियम तर मीच तिला तोंडपाठ करून ठेवलेत, त्यामुळे वाटेल ते सांगून भागणार नव्हतं. पुन्हा सगळी पानं चाळली आणि शेवटून दुसऱ्या पानावर मला ते सापडलं. एक नोंदणी संपून दुसरी सुरू व्हायच्या मधे अतिथीनं काही आठवडे आवाराबाहेर राहायचं. खोली सोडायची, ओळखपत्र जमा करायचं. पाहुणा तिथेच मुरू नये म्हणून केलेलं दिसतंय. तुझी ती वेळ वर्षाच्या शेवटी येणार आहे, ते मला माहीत आहे. पण प्रयोगशाळेची दुरुस्ती निघाली म्हणून यंदा सगळ्या पाहुण्यांना आधीच बाहेर काढलं, असं तू म्हणालीस तर त्यात न पटण्यासारखं काय आहे? हे पान मी आईला अजून वाचून दाखवलेलं नाही. तुला पत्र मिळेल त्या सुमारास एका सकाळी वाचीन, नेहमीच्या आवाजात, मागचं पुढचं कलम जोडून. ती म्हणेल, हे काय, पाहुण्याला हाकलतात की काय? मी म्हणेन, तसंच दिसतंय.

तेव्हा नीट ऐक. हे वाचून झालं की थोडं रडून घे, तिथेच, तुझ्या त्या टेबलाशी, त्याचे पैसे भरलेले आहेत. मग तोंड धू आणि बाईंकडे जा. अर्जात खरं कारण लिही. खोटं फक्त आईला सांगायचं आहे. सही झाली की मगच तिकीट काढ. त्या संध्याकाळी फोनवर आधी माझ्याशी नको, तिच्याशीच बोल, आणि विद्यापीठाला चांगल्या शिव्या दे. शुल्क घेतात आणि वर खोली सोडायला लावतात म्हण. तिला बरं वाटेल, तुझी बाजू घेऊन भांडायला मिळालं की तिला नेहमीच बरं वाटतं. दारात आल्यावर लगेच तिला बिलगू नकोस. ती बारीक झाली आहे, डोक्याला रुमाल बांधते, तुला एकदम ओळखू येणार नाही. पण ते चेहऱ्यावर दिसू देऊ नकोस, ती तुझा चेहराच बघत असेल. पाणी माग, भूक लागली म्हण, किती दिवस आहेस विचारलं तर दुरुस्ती होईपर्यंत म्हणून सांग. तिला फसवता येईल याची मला खात्री नाही. कदाचित तिला सगळं कळेल आणि आपल्यासाठी ती फसल्यासारखं करील. मग तेही चालवून घेऊ. मी तुझी नोंदणी वाचवली, कारण शोधलं, पानं लावली, सगळं नियमात बसवलं, पण रोज सकाळी तिच्या उशाशी बसून, रिपोर्ट चांगला आहे, असं तिच्या डोळ्यांत बघून म्हणायचं मला आता एकट्याला जमत नाही गं. ये.

तुझी वाट बघणारा, तुझाच
बाबा