जावयाच्या फोनवरचं दुकान

३ डिसेंबर
स्टुलावर चढून कॅमेऱ्यावर ओढणी टाकणार, तेवढ्यात तो वळला. बारीक घरघर, आणि भिंग माझ्याकडे. हात तसाच वर राहिला. खाली उतरले. ओढणीची घडी घातली, जणू गिऱ्हाइकाला दाखवत होते.

दुकानात कामाला येणारी शांताक्का साड्या लावत होती. तिला दुकानभर फिरवलं. कॅमेरा तिच्यामागे गेला नाही. "माझ्याकडं कोण बघतंय गं," म्हणाली, "नवऱ्यानंबी कवा वळून बघितलं न्हाय." हसली. माझं तोंड बघून पुन्हा साड्यांकडे वळली.

४ डिसेंबर
नवऱ्याचं, वि.चं, बेळगावचं घर सोडून माहेरी आले त्याला दिवाळी उलटून गेली. मनगट आता दुखत नाही.

कॅमेरे वि.नेच बसवले, आमच्या लग्नाच्या वर्षी. निपाणीत तेव्हा चोऱ्या चालल्या होत्या. गोदामाच्या मागच्या दाराचं कुलूपही त्याच ॲपवर. येईल त्याला आप्पा सांगायचे, आमच्या जावयानं बेळगावात बसून दुकान राखलंय.

५ डिसेंबर
आप्पांना म्हटलं, पासवर्ड बदलू या.
"बदल की."
बदलता येत नाही. ओटीपी वि.च्या फोनवर जातो.
आप्पा चष्मा पुसत बसले. "मग जावयाला म्हणायचं काय? आकडा सांगा, तुम्हाला भाईर काढतोय म्हणून?"
मग कॅमेरे आणि कुलूप ज्यावर चालतात तो आतल्या खोलीतला बॉक्सच काढून टाकू.
"थांब गं. दोन्हीकडची थोरली माणसं तुमचं मिटवायला बसणार हायत. तंवर आमीच तोडल्यागत दिसंल."
आई आतून, "दुकानात बसूच नको की मग."

८ डिसेंबर
आप्पा जैन नेमानं दिवस बुडायच्या आत जेवतात. त्यासाठी दुकान सोडून घरी जातात, जन्मभर. शांताक्का त्याआधीच्या बसनं गावी गेलेली. तेवढा वेळ गल्ल्यावर मी एकटी. हे सगळं वि.ला ठाऊक.

आज आप्पांची गाडी कोपऱ्यावर वळली आणि कॅमेऱ्यातून कुणीतरी खाकरलं. तेवढंच. समोरची बाई म्हणाली, "आत कोण हाय?"
म्हटलं, रेडिओ.
खाकरणं ओळखीचं. ताटावर बसताना असंच, आणि मग
नको.

९ डिसेंबर
कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. घरात कुणाला सांगितलं नाही. "आक्का, खातं ज्याच्या नावावर, दुकान त्याचं म्हणायचं. बॉक्स काढला की त्येला लगेच मेसेज जातोय बघा."

काढला तर कळणार. कळलं की येणार. नाही काढला तर तो आत आहेच. यातलं कुठलं बरं, ठरत नाही.

११ डिसेंबर
गोदामात परकरांचे गठ्ठे सोडत होते. मागचं दार टक् वाजलं. कुलूप उघडल्याचा आवाज. दार हललं नाही, कुणी आलं नाही. कात्री हातात धरून उभी. किती वेळ, माहीत नाही. पुन्हा टक्. बंद.
येऊ शकतो, एवढंच सांगायचं होतं.

आप्पा जेवून आल्यावर सांगितलं. दारापाशी गेले, कुलपाला हात लावला. "बॅटरी उतरली असंल." तेवढ्यात त्यांच्या बोटांखाली टक्.
हात झटकन मागे घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. कॅमेऱ्याकडे बघितलं.

१२ डिसेंबर
ऊन समोरच्या पाटीवरून उतरलं. आप्पा उठले नाहीत.
जेवायचं?
"आज नगं."
अंधार पडला. आता सकाळपर्यंत त्यांना पाणीही नाही. दोघं गल्ल्यापाशी बसलो. बोललेलं तिकडे ऐकू जातं. गिऱ्हाइकं गेल्यावर आप्पा आतल्या खोलीत गेले आणि बॉक्सची पिन उपटली. वायरी ओढताना फळीवरचे डबे पडले. मागच्या दाराला आतून साखळी आणि साधं कुलूप घातलं. किल्ली जानव्याला बांधायला गेले, मग मला दिली.
"थोरल्या माणसास्नी मी बघून घेतो," म्हणाले. आवाज बारीक होता.

१३ डिसेंबर
सकाळी वि.चा फोन आला. आप्पांनी स्पीकरवर घेतला.
"मामा, कॅमेरे बंद दिसतायत."
"मी काढलेत."
"बरं. येतो मी. बघून जातो."
आप्पांनी शटर वर केलं. मी गल्ल्यावर बसले.