कुगासाहेबांची तार वाचू नये

मी, तोमे ओइकावा, वय शहाऐंशी, राहणार कामिनोसावा, जिल्हा इवाते. शाळेत फार गेले नाही, अक्षर वाकडं आहे, डोकं सरळ आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाने आणि माझ्या हाताने पुढीलप्रमाणे लिहून ठेवते.

एक. मुळे मुरवायची दोन पिंपं आणि वरचे दगड ज्याला हवे त्याने न्यावेत. सूनबाई काझुए हिने नेऊ नयेत. ती बाजारचे मुळे आणून माझे म्हणून वाढते.

दोन. कुगासाहेबांबरोबरचा माझा फोटो जाळावा. पंतप्रधान व्हायच्या आधी ते मतं मागायला आमच्या शेतात आले. रबरी बूट घातले होते, कोरे करकरीत. माझा मुळा खाल्ला, कॅमेऱ्यासमोर डोळे पुसले, म्हणाले, "अगदी माझ्या आईच्या हातची चव!" कॅमेरा वळला तसा मुळा रुमालात गेला. माझा मुलगा यासुनोरी त्यांच्या इथल्या प्रचार मंडळाचा अध्यक्ष. तो म्हणतो, "आई, तुला नीट दिसत नाही." मुळा दिसतो रे मला. तोच फोटो मग देशभर भिंतींवर लागला. खाली लिहिलं होतं, खेड्यातल्या आईबापांचा लेक.

तीन. या लेकाने गादीवर बसल्यावर लहान इस्पितळं बंद केली. देश बलवान करायचा होता, पैसा तिकडे हवा होता. आमचंही इस्पितळ गेलं. माझे यजमान किन्साकु यांच्या छातीत कळ आली तेव्हा गाडी शहराकडे निघाली आणि ते वाटेतच गेले. अंत्यविधीत सगळ्यांत आधी वाचली ती कुगासाहेबांची तार. "आपल्या दुःखात सहभागी आहे." यासुनोरीनेच वाचली, घसा खाकरून. लोक वाकले. मीही वाकले.

चार. घर नात चिनात्सु हिला द्यायचं होतं. ती त्या इस्पितळात परिचारिका होती, आता सेन्दाइला असते. फोनवर म्हणाली, "आजी, घर घेऊन काय करू? तिथे काम कुठे आहे मला?"

"मांजरं पाळ."

"आजी!"

खरं तेच बोलली. म्हणून घर आणि शेत यासुनोरीला. दुसरं कोणी घेणारं नाही.

पाच. माझ्या अंत्यविधीत कुगासाहेबांची तार वाचू नये. त्यांच्या नावाची फुलं ठेवू नयेत.

हे लिहायची रीत विचारायला गावच्या कचेरीत गेले. तिथला चष्मेवाला म्हणाला, "आजी, मृत्युपत्र उघडतात ते सगळं आटोपल्यावर. तोवर तुमची राख झालेली असेल."

म्हणून यासुनोरीला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "पंतप्रधानांची तार येणार आणि वाचायची नाही? मंडळात तोंड कसं दाखवू मी?"

मग शेजारच्या हिसाएला म्हटलं, "तो वाचायला उठला की तू अडव."

ती म्हणाली, "तोमेबाई, माझा मुलगा रस्त्याच्या कामावर आहे. तिथे त्याला कोणी चिकटवलं?"

यासुनोरीने. पलीकडच्या घरच्या तोकुजीलाही विचारलं. त्याला एरवी बाटलीचं झाकण उघडलेलं ऐकू येतं. हे आलं नाही.

तेव्हा यासुनोरी, हे तुझ्या हाती पडेल तेव्हा तू तार वाचून मोकळा झालेला असशील. लोक वाकले असतील. मी काही बोलले नसेन. तरी हे कलम खोडत नाही. मला ती नको होती, एवढं कुठेतरी लिहिलेलं असावं.

हाताने लिहिलेल्याला साक्षीदार लागत नाहीत म्हणे. मला लागतात.

तोमे ओइकावा (सही व शिक्का)
कामिनोसावा, १४ नोव्हेंबर

साक्षीदार:
तोकुजी सासामोरी
हिसाए कुमागाइ (पाचवं कलम आपण वाचलेलं नाही, असं लिहायला तिने सांगितलं आहे)