शपथेसाठी अठ्ठावीस पायऱ्या

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप त्र्यंबककाकांना शरयूचा नमस्कार.

“सरकार केवढं आहे, ते पायऱ्या मोजल्या की कळतं,” असं तुम्ही कलेक्टर कचेरीच्या निम्म्या जिन्यात थांबून म्हणाला होतात. मी तिसरीत होते आणि तुमचा डबा घेऊन आले होते. गोऱ्या साहेबानं त्या पायऱ्या मुद्दाम इतक्या उंच बांधल्या, की अर्जदार वर पोचेपर्यंत त्याचा निम्मा राग धापेतच जावा, हेही तुम्हीच सांगितलंत. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? (हे फोनवरच विचारलं असतं; पण इथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरल्याचं मी फेब्रुवारीत सांगितलं, तेव्हापासून तुम्ही फोनवर येत नाही.)

परवा शुक्रवारी शपथ झाली. ती कशी झाली हे वाचून तुमचा राग कमी होईल की वाढेल, मला सांगता येत नाही. मी स्वतः अजून हादरलेलीच आहे.

बोलावण्याच्या पत्रात पत्ता होता, पण तो नीट कोण वाचतो? गावाच्या मधोमध खांबांची, घुमटाची दगडी इमारत दिसत होती. सरकार आणखी कुठे राहणार? मी पैठणी नेसले होते, श्रीरंग आमच्या लग्नातल्या सुटात कसाबसा मावला होता आणि प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स बरोबर होत्या (तुमची शिकवण). पायऱ्या अठ्ठावीस. दारातल्या मुलीनं हसून कुणाकडून आलात म्हणून विचारलं, श्रीरंगनं अभिमानानं “इंडिया” सांगितलं, आणि तिनं आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवून हातात सरबत दिलं. (तुमच्या कचेरीत अर्जदाराला माठातलं पाणीसुद्धा मिळत नसे. मला तुमच्यासाठी जरा वाईट वाटलं.) मग न्यायाधीशाच्या चौथऱ्यावर काळ्या झग्यातले एक गृहस्थ आले, सगळे उठून उभे राहिले आणि मी उजवा हात वर केला. एकटीनंच. तेवढ्यात मागून नवरी आली.

“आई, प्लीज, हात खाली घे,” इशिता म्हणाली. “दे आर गेटिंग मॅरीड.”

सरकार तिथून हलल्याला नऊ वर्षं झाली होती, काका. ती इमारत आता लग्नकार्याला भाड्यानं मिळते.

खरं ऑफिस हमरस्त्यालगतच्या दुकानांच्या रांगेत, गाद्यांचं बंद पडलेलं दुकान आणि नखं रंगवायचं दुकान यांच्या मधे निघालं. पायरी एकही नाही. दार आपलं आपण उघडलं. काउंटरवरच्या बाईनं माझं ग्रीन कार्ड मागितलं, आकडा टिपला आणि ते प्लास्टिकच्या खोक्यात टाकलं. अकरा वर्षं दर प्रवासात मी ते पाकिटात तीन-तीनदा चाचपून बघायची. पडताना टक् एवढाच आवाज झाला. आयुष्यात सरकारची खरी धडकी मला भरली ती तिथे. गोऱ्या साहेबाला माणसं घाबरवायला घुमट लागायचा, खांब लागायचे. यांना एक खोकं पुरतं, आणि त्या बाई बोलायला फार गोड होत्या.

शपथ दहा मिनिटांत उरकली. मला रडू आलं. शेजारच्या आजोबांना ते आनंदाश्रू वाटले, त्यांनी पाठ थोपटली. कशाचं रडू आलं ते मलाही नीट माहीत नव्हतं. आता तुम्हाला लिहिताना थोडं कळतं आहे.

काकूंना नमस्कार.

तुमची,
शरयू

ता. क. ऑफिसात वाटायला आयसेलिनच्या देशी बाजारातून आणलेली काजूकतली श्रीरंगनं त्या नवरीच्या आईला देऊन टाकली. बाईंनी त्याला मिठी मारली. फोटोतही आम्ही आहोत.

आणखी एक. डिसेंबरात तुमच्याकडे यायचं आहे, आणि आता मला व्हिसा लागतो. फॉर्मवर एक रकाना आहे : भारतातल्या, तुम्हाला ओळखणाऱ्या एका माणसाचं नाव, पत्ता आणि फोन. चौतीस वर्षांच्या नोकरीत तुम्ही कुणाच्याही अर्जावर स्वतःचं नाव घालू दिलं नाहीत, माझ्या बाबांच्यासुद्धा नाही, त्यामुळे तुमचं उत्तर मला माहीत आहे. दोन दिवस तो रकाना कोरा ठेवून बसले आहे. तुमचं नाव लिहू का?