लाल गोल

प्रिय आबा,

तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं आणि मी मात्र तुम्हाला पत्र लिहायला बसलेय. हसू नका! आज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या अर्चनाने मला लॅपटॉपवर इमोजी कसे काढायचे ते दाखवलं. विंडोजचं बटण दाबून धरायचं आणि टिंबाचं बटण दाबायचं, की चित्रांची खिडकी उघडते. नाव टाकलं की हवं ते चित्र पुढे येतं. आठ वर्षं लॅपटॉपवर टाइप करतेय, पण हे मला माहीत नव्हतं.

पहिल्यांदा मेंढी शोधली. आली ती पांढरीशुभ्र! आपली काळी-करडी कुठं गेली? तुम्ही मोबाइलवरून हीच पाठवायचात ना? मेंढी आणि सूर्य म्हणजे चरायला निघालो, मेंढी आणि घर म्हणजे शिनोलीला परत आलो. एकदा नुसता वाघ पाठवलात. मी घाबरून फोन केला, तर तुम्ही निवांत. “काय न्हाई गं, उसात गेला त्यो. लई बारका व्हता.” बारका असला म्हणून काय झालं, आबा?

तुमची सगळी चित्रं मला कळायची. शेवटचंच कळलं नाही.

त्याआधी आपलं भांडण झालं होतं. तुमचे गुडघे गेलेले, म्हणून मी म्हणाले, मेंढरं विका आणि मंचरला माझ्याकडे राहायला या. तुम्ही ऐकेनात. मग मी रागाने बोलून गेले, “ऐकायचं नसेल तर मला तुमची म्हणू नका.” असं कोणी बापाला बोलतं का? पण तुम्हीही हट्टी. पंधरा दिवस एक चित्र पाठवलं नाहीत.

आणि मग एका दुपारी हे आलं. 🔴

सोबत ना मेंढी, ना सूर्य. चुकून बोट लागलं असेल म्हणून मी उत्तर दिलं नाही. खरं सांगू? राग होता अजून. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला, तुम्ही गेलात म्हणून.

तेव्हापासून डोक्यात तेच. लाल म्हणजे धोका ना? छातीत दुखत होतं का? मला बोलावत होतात का? मी एक फोन केला असता तर?

तेराव्याला काकांना तो मेसेज दाखवला. ते म्हणाले, “येडी का काय तू? लोकर कातरली की तुझा बाप मेंढराच्या पाठीवर काय काढायचा? लाल गोल. दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी वळखू यावं म्हणून. लाल म्हंजी आपलं.”

मग नक्की काय होतं ते, आबा? मी तुमचीच आहे म्हणत होतात, की मदत मागत होतात? की खरंच बोट लागलं? काकांचं पटतं, आणि लगेच वाटतं, मला सोयीचं आहे म्हणून तर पटत नाही ना? लॅपटॉपच्या खिडकीत त्या चित्राचं नाव ‘लाल गोल’ एवढंच आहे. विचारू कोणाला?

मेंढरं आता काकांकडे आहेत. विकायची नाहीत, हे मीच त्यांना सांगितलंय. यंदा लोकर कातरली की सुट्टी टाकून येईन आणि प्रत्येकीच्या पाठीवर गोल मी स्वतः काढीन. वाकडा आला तर रागवू नका.

तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते देते.

तुमचीच,
सुनी 🔴