मध्ये काळं की लाल

३ ऑक्टोबर १९५७

पुन्हा नकार. नव्या स्मारकशिळेवर युद्धात गेलेल्या गावच्या एकेचाळीस जणांची नावं कोरणार, त्यात माझ्या कोर्बिनियानचं नाही. माजी सैनिक मंडळाचे अध्यक्ष प्रीलमायर म्हणाले, "वालबुर्गाबाई, पळून जाताना गोळी खाल्लेल्याला शूरांच्या रांगेत कसा बसवू?" बाकीचे आपापल्या बिअरच्या पेल्यात बघत होते.

मीही गप्प बसले नाही. पळाला हे तुम्हाला कुणी सांगितलं, विचारलं. मला आलेल्या पत्रात एकच ओळ आहे – १९ एप्रिल १९४५ रोजी मृत्यू. ते म्हणाले, आघाडीवरच्या माणसाला सगळं कळतं. बारा वर्षं हेच उत्तर! बारा वर्षं मी पळपुट्याची बायको. आणि तरी दर रविवारी चर्चमध्ये पहिल्याच बाकावर बसते. बसणारच.

गंमत म्हणजे या शूरांच्या छातीवरच्या फिती शिवते मीच. जुलैत कायदा झाला – नाझींचं चिन्ह काढून जुनी पदकं पुन्हा लावायला परवानगी. तेव्हापासून जो तो माळ्यावरचा डबा उघडून माझ्या दुकानात येतोय. पत्र्याच्या पट्टीवर रंगीत फितींचे तुकडे शेजारी शेजारी शिवायचे, एकेका पदकाची एकेक फीत. सहा वर्षांचं युद्ध चार बोटांत मावतं.

५ ऑक्टोबर

रेडिओवर सांगितलं, रशियनांनी आकाशात एक गोळा सोडलाय, तो पृथ्वीभोवती फिरतोय. आम्ही इथे फिती मोजतोय.

८ ऑक्टोबर

प्रीलमायरची चिठ्ठी. १७ नोव्हेंबरला शिळेचं अनावरण, त्याआधी त्यांना नवी पट्टी हवी. तीन फिती – लोखंडी क्रॉस, रशियातल्या पहिल्या हिवाळ्याचं पदक (शिपाई त्याला गोठलेल्या मांसाचं पदक म्हणायचे) आणि चार वर्षांच्या नोकरीची निळी. मी नियमाप्रमाणे पदकांचा दाखला मागवला. निरोप आला, बॉम्बहल्ल्यात जळाला. या गावात सगळ्यांचेच दाखले जळालेत. इतरांचं मी चालवून घेते. यांचं नाही घेणार.

११ ऑक्टोबर

प्रीलमायरची बायको क्रेसेन्झ आली. बटणांच्या डब्यात घालून नवऱ्याची जुनी पट्टी आणली होती. "मापाला होईल म्हणून आणली गं. त्यांना विचारलं नाही, उगाच ओरडले असते." साधी बाई. जाताना आलुबुखारच्या केकचे दोन तुकडे ठेवून गेली.

पट्टीवर फिती दोनच. दोन! आणि उन्हाने अशा विटलेल्या की दोन्ही मातकट. एक निळी असावी. दुसरी कुठली? लोखंडी क्रॉसच्या फितीत मध्ये रुंद लाल, मग पांढरं, कडेला काळं. सेवा-क्रॉसच्या फितीत तेच तीन रंग, पण उलटे – मध्ये काळं आणि कडेला लाल. लोखंडी मिळायचा लढणाऱ्याला, सेवेचा मिळायचा कोठारवाल्याला, कारकुनाला. विटल्यावर लाल तपकिरी पडतो आणि काळाही तपकिरीच पडतो. वरून बघून कुणाच्या बापाला सांगता येणार नाही.

पण फितीची टोकं पट्टीच्या मागे दुमडलेली असतात, तिथे ऊन पोचत नाही. दोन टाके उसवले. दुमड उलगडून खिडकीशी नेली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

मध्ये काळं. चुलीच्या आतल्या बाजूसारखं काळं.

१२ ऑक्टोबर

सकाळपासून हसू आवरत नाहीये. आघाडीचा वाघ! टेबलामागे बसून लढला. आणि हिवाळ्याची फीत तर नव्हतीच कधी. क्रेसेन्झचा केक दोन्ही तुकडे एकटीने खाल्ला.

१९ ऑक्टोबर

त्यांना दुकानात बोलावलं. क्रेसेन्झला एक शब्द बोलाल तर गावभर सांगेन, हे आधी बजावलं आणि मग दुमड दाखवली. लालबुंद झाले. उठून दार लावून घेतलं. हातमोजे कुरवाळत हळूच म्हणाले, "मध्ये लाल शिवा. कोर्बिनियानचं नाव शिळेवर घालतो. सोमवारीच पाथरवटाला सांगतो."

मी म्हटलं, विचार करते. मी! तिथल्या तिथे हाकलून द्यायचं सोडून मी विचार करते म्हटलं.

२० ऑक्टोबर

दगडात कोरलेलं नाव. पोरांनी बोट फिरवून वाचायचं नाव. आज चर्चमध्ये प्रार्थनेत लक्ष लागलं नाही.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सगळं गाव दिवे घेऊन कबरस्तानात. मला कबरच नाही. दर वर्षीसारखी मेणबत्ती परसात लावली, जिथे कोर्बिनियानची पिंपं असायची. बिअरवाल्यांसाठी लाकडी पिंपं करायचा तो. टिचकी मारून सांगायचा, वाली, हे गळणार, हे टिकणार. शेवटचा आघाडीवर गेला तेव्हा तीन तयार पिंपं मागे ठेवून गेला. पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात ती उन्हात वाळली, फळ्या सुटल्या. हिवाळ्यात मी त्या जाळल्या.

पळाला असेल तर पळाला. त्या एप्रिलमध्ये ज्याला अक्कल होती तो पळत होता, मला त्याची लाज नाही. माझा राग वेगळा आहे. मरताना माणूस बायकोसाठी काहीतरी सांगून जातो. हा काहीच सांगून गेला नाही, आणि ते मला अजून टोचतं.

लाल फीत कापून ठेवली आहे. मेजावर पडून आहे.

९ नोव्हेंबर

शिवली पट्टी. मध्ये काळं, शेजारी निळी, बस. टाके इतके बारीक घातलेत की प्रीलमायरना खोड काढता यायची नाही. लाल तुकडा चुलीत टाकला. माझ्या खोट्या टाक्यावर कोर्बिनियान दगडात चढणार असेल तर राहू दे त्याला माझ्या परसात. रडले. पण शिवून झाल्यावर.

१० नोव्हेंबर

आत्ता बटाटे सोलताना सुचलं आणि सुरी तशीच हातात राहिली. आघाडीवरच्या माणसाला सगळं कळतं म्हणे. पण हा आघाडीवर नव्हताच! मग कोर्बिनियानचं याला कळलं कुठून?

१६ नोव्हेंबर

प्रीलमायर पट्टी न्यायला आले. मी एवढंच विचारलं, १९ एप्रिलला तुम्ही कुठे होता?

खाली बसले. लष्करी कोर्टात होते, टाइपरायटरवर. कोर्बिनियानच्या मृत्युदंडाचा कागद यांनीच टाइप केला. शेवटच्या निरोपाचा रकानाही यांनीच भरला. तो निरोप मला पाठवायचा होता. पाठवला नाही, कारण खाली सही यांची होती, मग त्या खोलीत कोण बसलं होतं हे गावाला कळलं असतं.

"काय होता निरोप?"

पाठ होता त्यांना. बारा वर्षं पाठ होता. "वालीला सांगा, पिंपं सावलीत ठेव. रोज पाणी शिंपड. ती टिकतील."

एकेक शब्द इथे उतरवलाय. उद्या शिळेपुढे एकेचाळीस नावं वाचून झाली की मी पुढे होणार आणि हा निरोप मोठ्याने वाचणार – कुणाचा ते सांगून, आणि टाइप कुणी केला तेही सांगून.