शितलची पुण्याची मावशी

रविवार, १५ जून २००८
पेपरच्या पुरवणीत लेख वाचला. लहान मुलांनी इंटरनेटवर लिहावं, आईवडिलांनी शेजारी बसून मार्गदर्शन करावं. मार्गदर्शन तर मी सतरा वर्षं शाळेत करतोच आहे. शितल आता चौथीत. तिचा ब्लॉग काढायचा ठरवलं. दिवाळीपर्यंत जिल्ह्यात नाव. बाळापुरात अजून कोणाच्याच लेकराचा ब्लॉग नाही. स्टाफरूममध्ये ब्लॉगचा विषय काढला तर दोघांना वाटलं मी प्लॉट घेतोय.
लेखात नियमही आहेत. लेकराचं पूर्ण नाव, शाळा, फोन नंबर देऊ नये. त्याचे शब्द बदलू नयेत. टाकण्याआधी त्याला विचारावं. हे सगळं मोठ्या शहरातल्या लोकांसाठी.
बायकोला, निताला, सांगितलं. ती म्हणाली, शितलला विचारलं का? नऊ वर्षांच्या लेकराला काय विचारायचं?

रविवार, २२ जून. सकाळी १०.
हरिचंदच्या इंटरनेट कॅफेत ब्लॉग उघडला. नाव : कु. शितल ओमप्रकाश राठोड, चौथी अ, आखाडा बाळापूर. खाली माझा मोबाइल नंबर. पत्रकारांची सोय.
शितलनं वहीत लेख लिहून आणला होता. 'आजीची शेळी मेली. मी रडले न्हाई. आजी रडली. मग आमी भाकर खाल्ली.' संपला लेख. लाल पेन घेतला. भूतदया घातली, शेळीचं मनोगत घातलं, शेवटी सुविचार. अठ्ठावीस ओळी झाल्या. शितलनं वाचून विचारलं, हे कोणी लिहिलं? म्हटलं, तू. ती म्हणाली, न्हाई.
विनय आहे पोरीत. माझ्यावर गेली.

रविवार, ६ जुलै
वाचक ४१. त्यात अडतीस वेळा मीच. प्रतिक्रिया शून्य. शितल दर वेळी विचारते, कोणी वाचलं का? आज म्हणाली, पोट दुखून राहिलं, लिहीत न्हाई. पाठीत एक धपाटा दिला. त्यानंतर पावसाळ्यावर सात ओळी लिहिल्या. प्रोत्साहनाचा उपयोग होतो.

रविवार, १३ जुलै
उपाय सापडला. कॅफेत शितल तीन नंबरवर, मी चार नंबरवर, मधे प्लायवूड. मी 'सुलभा मावशी, पुणे' या नावानं प्रतिक्रिया टाकली. मोठी लिहिणार होतो, पण लोडशेडिंगला दहाच मिनिटं उरली होती. म्हणून एवढंच : 'शेळीचं नाव काय होतं गं?'
पलीकडं शितल उभीच राहिली. म्हणाली, पप्पा, पुण्याहून विचारून राहिल्यात. एकेक बटण शोधत तिनं टाइप केलं : 'गुलाबी. कान गुलाबी होते म्हणून.'
हे मला माहीत नव्हतं. तसं लेखात नावाची गरजही नव्हती.

रविवार, ३ ऑगस्ट
प्रगती जोरात. शितल आता रोज लिहिते, न सांगता. रविवारी सकाळी माझ्या आधी चपला घालून दारात. मावशीला सगळं कळवते. आज तिनं लिहिलं : 'मावशी, पप्पा माझं खोडून दुसरंच लिहितात. तुमाला कोणतं आवडतं?'
मी प्लायवूडच्या अलीकडं. मग लिहिलं : 'मला तुझंच आवडतं.' लेकराच्या कलानं घ्यावं लागतं, ते एक तंत्र आहे.
घरी आल्यावर तिला तिसापर्यंत पाढे लिहायला लावले. कारण दुसरंच दिलं.

रविवार, १७ ऑगस्ट
आजची प्रतिक्रिया : 'मावशी, माझी आजी तांड्यावर राहते. तिच्या घागऱ्याला आरसे हायेत. पप्पा तिला शाळेत येऊ देत न्हाईत, त्यांना लाज वाटते.'
हे अर्धसत्य आहे. याडीला, म्हणजे माझ्या आईला, मी शाळेत येऊ नको म्हटलं ते तिच्या गुडघ्यांसाठी. शाळेला पायऱ्या आहेत. चार.
मावशीच्या नावानं लिहिलं : 'मला तो घागरा बघायचाय.' का लिहिलं माहीत नाही. लिहिलं गेलं.
निघताना हरिचंदनं बाजूला घेतलं. म्हणाला, राठोड सर, लेकराला खरं सांगून टाका, पुढं तकलीफ होईल. त्याला म्हटलं, तू कीबोर्ड पुस. मार्गदर्शनातलं त्याला काय कळतं. दहावीला दोनदा बसला होता.

रविवार, ३१ ऑगस्ट
शितलनं विचारलं : 'मावशी, मी तुमच्याकडं राहायला येऊ का?' शिष्टाचार म्हणून लिहिलं : 'ये की, घर तुझंच आहे.' तिनं पत्ता मागितला. कोथरूड, पाण्याच्या टाकीजवळ, असा दिला. तिनं हरिचंदकडून त्या पानाची प्रिंट काढून घेतली. घरी येताना दोघांनी भजी खाल्ली. रस्ताभर ती बोलत होती. एवढी खुशीत कधी पाहिली नव्हती. निता म्हणाली, काय केलं तुमी? म्हटलं, पद्धतशीर काम.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
शिक्षक दिन. मी 'पालकांचे मार्गदर्शन' या विषयावर वीस मिनिटं बोललो. टाळ्या. खाली उतरलो तर मोबाइलवर चुकलेले पाच कॉल.
शितल सकाळीच नांदेडच्या गाडीत एकटी बसली होती. कंडक्टरनं विचारलं, कुठं? म्हणाली, पुण्याला. त्यानं डोंगरकड्याला उतरवून स्टँडजवळच्या हॉटेलवाल्या मनकर्णाबाईंपाशी बसवलं. दप्तरात दोन फ्रॉक, कपड्यात बांधलेल्या भाकरी आणि ती प्रिंट. प्रिंटवर माझा नंबर, म्हणून फोन आला. म्हणजे फोन नंबर देऊ नये हा नियम चूक. पेपरला कळवलं पाहिजे.
मोटारसायकल काढून गेलो. मनकर्णाबाई म्हणाल्या, सकाळपासून उपाशी हाये, दप्तरातली भाकर खा म्हटलं तर म्हणते ती मावशीसाठी हाये. लेकरू काहून पळालं, सर? म्हटलं, फार हुशार आहे.
येताना शितलनं मला धरलं नाही. मागचं कॅरिअर धरून बसली.

रविवार, ७ सप्टेंबर. सकाळी ११.
पूर्ण विचार करून निर्णय घेतला. मावशी परदेशी गेली म्हटलं तर पोरगी तिकडचाही पत्ता मागेल. म्हणून कायमचा बंदोबस्त. चार नंबरवरून 'सुलभाताईंचे यजमान' या नावानं : 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की सौ. सुलभा यांचे हृदयविकाराने निधन झाले.' भाषा निर्दोष. एकाच वाक्यात काम.
तीन नंबरवर डोकावलो. शितल स्क्रीनवर बोट ठेवून परत परत तेच वाचत होती. मग विचारलं, पप्पा, निधन म्हंजे मेल्या का? म्हटलं, हो. शब्दसंग्रह वाढतो.

बुधवार, १० सप्टेंबर
जेवत नाही. शाळेत बाईंनी फळ्यावर बोलावलं तर खडू हातात घेऊन नुसती उभी राहिली.
निताच्या निरोपावरून याडी तांड्यावरून आली. शितलनं तिला सांगितलं, माझी मावशी मेली. याडीनं कोण, कुठली, काही विचारलं नाही. पोरीला मांडीवर घेतलं आणि आमच्या बायका धरतात तसा सूर धरून रडली. शितलही रडली, चार दिवसांत पहिल्यांदा. जी बाई नव्हतीच तिच्यासाठी माझ्या घरात तासभर रडणं. मी खिडक्या लावून घेतल्या. शेजारी हेडमास्तर राहतात.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
मावशी कोण ते निताला हरिचंदनं सांगितलं. ती ओरडली नाही. भांडी घासत होती, हात पुसून आली आणि म्हणाली, आत्ता जाऊन सांगा तिला.
मुद्दे काढून गेलो. हेतू, पद्धत, निष्कर्ष. शितल भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हटलं, बेटा, ती मावशी म्हणजे मीच. कोणी मेलं नाही. ती वळली. म्हणाली, तुमी न्हाई. मी घागऱ्याचं वाक्य म्हणून दाखवलं. ती म्हणाली, तुमी चोरून वाचलं असंल. मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. तिनं माझा हात गळ्यावरून काढला. म्हणाली, मावशी विचारायच्या. तुमी सांगता.
मग परत भिंतीकडं वळली.
वाङ्मयीन दृष्टीनं पाहिलं तर माझी शैली पोटच्या पोरीलाही ओळखू आली नाही. हे साधं नाही.

रविवार, १४ सप्टेंबर
शितलला घेऊन याडी सकाळच्या जीपनं तांड्यावर गेली. निताही गेली. निघताना म्हटलं, दिवाळीपर्यंत का? निता म्हणाली, बघू. तांड्यावरच्या शाळेत नाव घालायचं म्हणते. दाखल्याचे कागद मी आणून देईन म्हटलं. ती म्हणाली, काढलेत.
साडेदहाला सवयीनं कॅफेत गेलो. तीन नंबर रिकामा. चार नंबरवर बसलो. तांड्यावर कॉम्प्युटर नाही, मला माहीत आहे. तरी ब्लॉग उघडला. आज स्वतःच्या नावानं लिहायचं ठरवलं. 'प्रिय शितल' असं लिहिलं. तिला काहीतरी विचारायचं होतं. पाऊण तास बसलो, काय विचारावं ते सुचलं नाही. हरिचंद म्हणाला, सर, लाइट जाऊन राहिली, आटपा.
लिहिलं : 'अभ्यास नीट कर.'