खाटेवरची पाटी

जालना,
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय अक्का,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडं बरे आहोत. बाळ दूध नीट पिते, झोपते, आंघोळीला मात्र आख्खी गल्ली जागी करते. नाक अगदी आपल्या बाबांवर गेलंय. भाऊजींना आणि पोरांना जयभीम सांग.

तुझा मोबाईल घरात सगळ्यांच्या हातात फिरतो, म्हणून पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकतेय. बाकीच्या मॅडम जवळ नसताना वाच.

आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे परतूर, तुझंच घर. पहिलं बाळंतपण तिथंच व्हायचं होतं. तू डिंक-खारीक भरून ठेवलंस, आणि मी ऐनवेळी कळवलं की डॉक्टर प्रवास नको म्हणतात. तू रागावलीस. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते, अक्का. मलाच तुझ्या घरी यायची भीती वाटत होती.

सातव्या महिन्यात सरकारी दवाखान्यात माझं रक्त तपासलं. मंग प्रितमचं. दोघांचं एकच निघालं. कुणाकडून कुणाला, ते कळायला मार्ग न्हाई आणि आम्ही एकमेकांना विचारतही न्हाई. तो मिलमधून येतो, हातपाय धुतो आणि भिंतीकडं तोंड करून बसतो. कंपनीत कळलं तर काय, हा एकच धसका. सासूबाईंना काहीच माहीत न्हाई.

गोळ्या तेव्हाच सुरू झाल्या. आमच्यासारख्यांना समजावून सांगायला तिथं आसिफा मॅडम आहेत. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या परवानगीशिवाय हे कुणी कुणाला सांगू शकत नाही. या कारणावरून उपचार नाकारूही शकत नाही. तसा कायदा आहे." मी मान हलवली. डोक्यात काही शिरलं न्हाई.

ज्या खासगी दवाखान्यात नाव घातलं होतं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचून खुर्ची मागं सरकवली. "आमच्याकडे सोय नाही. संभाजीनगरला जा." मी गुपचूप उठले. कायदा आठवला तो रिक्षात बसल्यावर.

कळा सुरू झाल्या तशी सरकारी दवाखान्यात गेले. प्रितम ड्युटीवर, सोबत सासूबाई. त्या गरम पाणी आणायला खाली गेल्या, तेवढ्यात नर्सबाईंनी फाईल वाचली, पुठ्ठ्यावर लाल स्केचपेननं मोठ्या अक्षरांत तोच शब्द लिहिला आणि पुठ्ठा माझ्या खाटेच्या दांडीला अडकवला. अक्का, सासूबाईंना वाचता येतं. दुकानांच्या पाट्यासुद्धा त्या एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचतात.

"सिस्टर, ते काढा."

"नियम आहे. आमच्या लोकांना कळायला नको?"

"नियम न्हाई. कायदा... कायदा उलटा आहे." कायद्याचं नाव काही केल्या आठवेना. "हातमोजे तर तुम्ही सगळ्यांसाठीच घालता. मंग पाटी कशाला?"

"जास्त बोलू नको. झोप खाटेवर."

मी झोपले न्हाई. दांडी धरून उभी राहिले. कळ आली तरी उभीच. मनात एकच, हे आता मला बाहेर काढणार, बाळ रस्त्यावर होणार. तरी तोंडातून निघालं, "मोठ्या डॉक्टरांना बोलवा. हा नियम आहे असं त्यांनी लिहून द्यावं, मंग झोपते."

जिन्यात सासूबाईंच्या चपला वाजल्या. नर्सबाईंनी पुठ्ठा ओढून काढला, तोवर सासूबाई दारात.

"काय व्हतं वं ते लाल?"

मी दांडी आणखी घट्ट धरली.

नर्सबाईंनी पुठ्ठा उलटा धरला. "खाटेचा नंबर, आजी. चुकीचा लागला होता."

बाळंतपण तिनंच केलं. नीट केलं.

आसिफा मॅडम शाबास म्हणाल्या. पण भीती गेली न्हाई. बाळाला रोज औषध पाजते, सासूबाईंना टॉनिक आहे म्हणून सांगते. पोरगी दीड महिन्याची झाली की तिचं रक्त तपासणार. मॅडम म्हणतात, गोळ्या बराबर घेतल्यास, बहुतेक काही निघणार नाही. त्या 'बहुतेक'नं माझा डोळा लागत न्हाई. ती शिंकली तरी मी तिच्या छातीवर हात ठेवून बसते.

एचआयव्ही. लिहिलं एकदाचं.

नर्सबाईंना कायदा सांगता आला. तुला काय सांगू? कडेवर घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं हे होत न्हाई, ते तू शाळेत पोरांना शिकवतेस. पण शिकवणं वेगळं आणि सख्ख्या बहिणीच्या घरी येऊन पाणी पिणं वेगळं.

रविवारी ये. नाहीच आलीस तर कारण कळवू नको, मी समजून घेईन. आलीस तर दारात थबकू नको. सरळ आत ये आणि तिला उचल. मी तुझ्या हातांकडं बघत असेन.

तुझी, अजून म्हणवून घेशील तर,
पायल